नऊ मिनिटं चाळीस सेकंद

तिबिलिसीच्या स्टुडिओत, तिसऱ्या मजल्यावर
वार्लाम माझ्या टेबलावर आला तेव्हा
तो एकेचाळीस मिनिटांचा होता.
सिनेमा सगळा दीड तासाचा!
पण ओतिया दिग्दर्शक,
कोंबडी पिल्लं पंखाखाली घेते
तशी रिळं घेऊन बसायचा.

वार्लाम त्यात गावाचं धान्य तोलणारा कारकून.
आरडाओरडा भरपूर. घोडा, चाबूक,
आणि दारू पिऊन केलेलं एक लांबलचक भाषण
ज्यात तो सांगतो, आपण असे का झालो.
पहिली कात्री मी त्या भाषणाला लावली.
असली माणसं कारणं देत बसत नाहीत,
ती शोधायचं काम आपल्याला लावून जातात.

मग घोडा गेला. चाबूक गेला.
हसणं तर बोटभरही ठेवलं नाही.
ओतिया दाराशी, सिगारेटवर सिगारेट,
"त्सिउरी, माझ्या खलनायकाचा सांगाडा केलास तू."
मी म्हटलं, पहाटे खालच्या गल्लीत
मात्सोनी विकायला येते ना बाई,
तिला विचार,
घागरभर दुधाला विरजण किती लागतं.

उरलं ते एवढं:
तो दार न वाजवता घरात येतो.
टेबलावरच्या कापडाच्या टोकाने चष्मा पुसतो.
मुलाला नाव विचारतो.
मुलगा सांगतो.
"छान आहे," म्हणतो,
आणि वहीत लिहून घेतो.
बास.
उठताना खुर्ची जागेवर सरकवत नाही.

पुढे वीस मिनिटं तो पडद्यावर नाही.
ती खुर्ची मात्र मी तशीच राहू दिली,
टेबलापासून हातभर लांब, तिरकी.
आई पाव घेऊन येते
तर तिला वळसा घालून जाते.
पहिल्या खेळाला मागच्या रांगेत कुणीतरी
सूर्यफुलाच्या बिया फोडत होतं, सारखं, टक टक.
तिथे ते थांबलं.
मी अंधारात मनाशी म्हटलं, लागलं दही.

वार्लाम त्या दिवशी नवा कोट घालून आलेला,
बायको, सासू, दोन मेव्हणे सोबत.
दिवे लागल्यावर ते सगळे त्याच्याकडे
जरा लांबूनच बघत होते.
माझ्याशी तो सात वर्षं बोलला नाही.

खरा वार्लाम म्हणजे
कोंबडी कापायची वेळ आली की गच्चीवर जाणारा माणूस.
गॅलरीत डब्यांमधून टोमॅटो लावायचा,
अर्धे शेजाऱ्यांना वाटायचा.
पण बाजारात चीज विकणारी बाई
त्याला न विचारताच दोनदा तोलून दाखवायची,
काट्यावरून हात मागे घेऊन.
जिन्यात खेळणाऱ्या पोरांना
तो नुसती मान हलवायचा.
कुठल्याही मुलाला नाव विचारणं
त्याने सोडून दिलं होतं.

हे मला त्यानेच सांगितलं,
आठव्या वर्षी, सप्टेंबरात,
टोमॅटोची करंडी घेऊन आला तेव्हा.
खिडकीपाशी बसला. बराच वेळ गुडघे चोळले.
"किती ठेवलंस मला?"
नऊ मिनिटं, चाळीस सेकंद.
"आणि बाकीचा?"
मी काही बोलले नाही. कापलेल्या फिल्मचे तुकडे
दर महिन्याला गाडी येऊन नेते,
चांदी काढतात त्यातून.
"घोड्यावरून पडलो होतो एकदा," तो म्हणाला,
"सगळं युनिट हसलं होतं. मीपण.
ते बरं होतं."

ते मला आठवत होतं.
पुरते बावीस फूट. आधी तेच कापलं होतं मी,
भाषणाच्याही आधी, ओतियाला न दाखवता.

चहा अर्धा ठेवून तो उठला.
दोन्ही हातांनी, आवाज न करता,
खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली,
पाठ हळूच थोपटली तिची,
नि जिना उतरला.

मी, जिने त्याला इंच इंच मोजून कापलं,
त्या नीट लावलेल्या खुर्चीकडे बघत
दाराला कडी घातली.